गादीवरचा लॅपटॉप आणि माणदेशचा उन्हाळा

वर्षअखेरीची मांडामांड आणि उन्हाळ्याची काहिली या दोन्ही गोष्टी माणदेशात एकदमच दारी येतात. म्हसवडसारख्या पर्जन्यछायेतील गावात चैत्र सरता सरता दुपारचा पारा चाळिशीला टेकतो, माणगंगेचे पात्र कोरडे पडते आणि वाऱ्याबरोबर येणारी बारीक धूळ सकाळी पुसलेल्या फळ्यांवर दुपारपर्यंत पुन्हा साचते. नेमक्या याच दिवसांत पेढीवरच्या लॅपटॉपला वर्षातले सर्वांत जड काम पडते. मार्चअखेरचा साठा चढवायचा, देणेकरी-घेणेकऱ्यांचे खातेउतारे जुळवायचे, बँकेच्या नोंदींशी मेळ घालायचा. शिवाय ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रे ठरलेलीच. तिमाही योजनेतील व्यापाऱ्याला महाराष्ट्रात ३बीसाठी तिमाहीनंतरची २२ तारीख मिळते, एवढाच काय तो दिलासा. तारीख टळली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज सुरू होते.

अशा दिवशी सकाळी नऊला झटपट चालणारे यंत्र दुपारी दोनच्या सुमारास अडखळू लागते. एक बिल उघडायला मिनिट लागते. पंखा घोंघावत असतो, तळाला हात लावला तर चटका बसतो, आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहते. मग घरात चर्चा सुरू होते. चिरंजीव म्हणतात, यंत्र जुने झाले, नवे घेऊ. वडिलांना चार वर्षांपूर्वी मोजलेले पैसे आठवतात. कोणी रॅम वाढवायला सांगतो, कोणी विषाणू शिरल्याचे निदान करतो. या सगळ्या गोष्टी अशक्य नाहीत. परंतु सकाळी बरे आणि दुपारी आजारी असे ज्या यंत्राचे रोजचे वेळापत्रक आहे, त्याचे दुखणे बहुधा निराळेच असते. ते यंत्र म्हातारे झालेले नसते, ते स्वतःला जळण्यापासून वाचवीत असते.

लॅपटॉपचा प्रोसेसर म्हणजे अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी अशी सिलिकॉनची चकती. साध्या कार्यालयीन लॅपटॉपमध्ये ती सुमारे १५ वॅट वीज सतत खाते, क्षणभरासाठी त्याच्या दुप्पट-तिप्पट. खेळांसाठी वा चित्रफितीच्या संपादनासाठी घेतलेल्या यंत्रात हा आकडा ४५ वॅट आणि त्याहून वर जातो. खाल्लेली ही सगळी वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. नखाएवढ्या जागेतून एवढी उष्णता सतत बाहेर काढावी लागते, आणि ती काढणारी व्यवस्था मोठी सुबक असते. प्रोसेसरला चिकटून तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. तिच्या पोकळीत अगदी थोडा द्रव असतो. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाकडे धावते आणि तिथे थंड होऊन पुन्हा द्रव बनते. आमटीच्या पातेल्यावरील झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात तसेच. त्या थंड टोकाला धातूच्या पातळ पत्र्यांची जाळी असते आणि पंखा तिच्यातून वारा ढकलतो. प्रोसेसर आणि तांबे यांच्यामध्ये राखी रंगाच्या मलमाचा पातळ थर असतो, कारण दोन पृष्ठभाग कितीही घट्ट दाबले तरी त्यांच्यात हवेच्या सूक्ष्म फटी उरतात आणि हवेतून उष्णता नीट जात नाही.

प्रोसेसरच्या अंगातच तापमापक असतात. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांना १०० अंश सेल्सिअस ही मर्यादा घालून दिलेली आहे. एएमडीची मर्यादा पुष्कळदा ९५ च्या आसपास असते. तापमान तिथवर पोहोचले की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. सेकंदाला साडेतीन अब्ज ठोके देणारे यंत्र दीड अब्जावर, कधी त्याच्याही खाली येते. तापमान उतरले की वेग वाढतो, वाढला की पुन्हा तापते, पुन्हा उतरतो. दुपारचे अडखळणे ते हेच. त्याने भागले नाही तर यंत्र सरळ बंद पडते आणि न साठवलेली नोंद जाते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला सर्वाधिक वेग हा मुळातच थोड्या वेळापुरता असतो. अनेक यंत्रांत साधारण अर्ध्या मिनिटानंतर प्रोसेसर आपल्या कायमच्या वेगावर उतरतो. हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे. दुकानदाराने खरेदीच्या वेळी मात्र तो मोठा आकडा पाहिलेला असतो.

आता म्हसवडच्या हवेचा हिशेब मांडू. तापलेली वस्तू सभोवतालच्या हवेला किती उष्णता देते हे ढोबळमानाने दोहोंच्या तापमानांतील फरकावर ठरते. पौषातल्या दुपारी खोलीत २५ अंश असतील आणि प्रोसेसर ९५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. वैशाखात पत्र्याखालच्या दुकानात ४२ अंश असतील तर तोच फरक ५३ उरतो. म्हणजे जी व्यवस्था थंडीत २० वॅट उष्णता बाहेर फेकत होती ती आता जेमतेम १५ वॅट फेकू शकते. एक चतुर्थांश ताकद नुसत्या ऋतूने काढून घेतली.

परंतु गंमत अशी की एक चतुर्थांश वीज कमी केल्याने वेग एक चतुर्थांश घटत नाही. वेग उतरवताना प्रोसेसर आपल्याला मिळणारा विद्युतदाबही उतरवतो, आणि विजेचा खप दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने थोडा वेग सोडला तरी पुष्कळ वीज वाचते. नुसत्या उन्हाळ्यामुळे हिशेबाच्या कामात पडणारा फरक म्हणूनच बेताचा असायला हवा. बिल छापताना तो फारसा कळूही नये. मग यंत्र रांगायला का लागते? कारण विद्युतदाब एका पातळीच्या खाली उतरवता येत नाही. त्या पातळीनंतर प्रत्येक वॅट वाचवण्यासाठी वेगाचाच बळी द्यावा लागतो आणि यंत्र एकदम कोसळते. त्या कड्यापर्यंत त्याला ढकलत नेणाऱ्या गोष्टी हवेत नसतात, दुकानातच असतात.

पहिली म्हणजे गादी. जुन्या पेढ्यांवर आजही गादी-लोडाची बैठक आहे, आणि जिथे पूर्वी उतरते मेज आणि कीर्द-खतावणी असे तिथे आता लॅपटॉप आला आहे. मेज गेले, लॅपटॉप सरळ पांढऱ्याशुभ्र चादरीवर बसला. बहुतेक लॅपटॉप हवा तळातून आत घेतात. तळाला चार रबरी पाय असतात, त्यांची उंची दोन-तीन मिलिमीटर. कठीण पाटावर ही फट पुरते. कापसाच्या गादीत पाय रुततात आणि तळाच्या जाळीला चादर चिकटते. पंखा कितीही जोरात फिरला तरी ओढायला हवाच नसते. त्यातून गादी स्वतः उष्णतारोधक. थंडीत आपण तिच्यावर झोपतो ते त्यासाठीच. मांडीवरची उशी, पलंग, सोफा यांचाही गुण हाच. घरातील मुले पलंगावर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास चित्रफिती जोडतात वा अभियांत्रिकीचे आराखडे काढतात, तेव्हा हीच गोष्ट अधिक तीव्रतेने घडते, कारण ते काम हिशेबापेक्षा कितीतरी जड.

दुसरी म्हणजे धूळ, आणि तीही प्रत्येक दुकानाची वेगळी. कापडाच्या दुकानात तंतू उडतात, किराण्याच्या दुकानात पीठ, हळद आणि तिखटाची पूड, आडतीच्या पेढीवर बारदानाचा भुसा. सकाळच्या उदबत्तीचा धूर या सगळ्याला किंचित चिकटपणा देतो. पंखा आणि धातूची जाळी यांच्यामध्ये या मिश्रणाचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून पाहिले तर यंत्र लख्ख दिसते. आत मात्र वाट बंद झालेली असते. तीन-चार वर्षांनी राखी मलमही सुकून भेगाळते. गादी, धूळ आणि सुकलेले मलम असा तिहेरी अडसर थंडीत कसाबसा सोसला जातो. वैशाखात मात्र शिलकीतला एक चतुर्थांश हवेनेच नेलेला असतो, म्हणून दुखणे तेव्हा बाहेर येते आणि दोष यंत्राच्या वयाला मिळतो.

पैसे मोजण्याआधी खात्री करून घ्यावी हे उत्तम, आणि त्याला कारागीर लागत नाही. विंडोजच्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर जावे. तिथे वापराची टक्केवारी, चालू वेग आणि यंत्राचा मूळ वेग, म्हणजे बेस स्पीड, असे तीन आकडे दिसतात. काम अडलेले असताना वापर शंभराच्या घरात आणि चालू वेग मूळ वेगाच्याही खाली असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. उलट सीपीयू निवांत असून डिस्कचा आकडा शंभरावर खिळलेला असेल तर दुखणे उष्णतेचे नाही. फिरत्या चकतीची जुनी हार्ड डिस्क थकली असेल किंवा रॅम अपुरी असेल. अशा यंत्रात एसएसडी बसवली तर खरोखर कायापालट होतो. आणि सकाळच्या गारव्यातही, नुकतेच सुरू केलेले असताना, भर कामात वेग एक अब्जाच्या खालीच अडून राहिला तर चार्जर तपासावा. कमी वॅटचा किंवा नकली चार्जर जोडला असता काही यंत्रे मुद्दाम वेग दाबून ठेवतात. प्रत्यक्ष तापमान पाहायचे असेल तर कोअर टेंप किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखी फुकट मिळणारी साधने आहेत. एकच आकडा सकाळी दहाला आणि दुपारी तीनला टिपून ठेवावा. जमाखर्चाची सवय असलेल्या घराला हे अवघड नाही.

निदान उष्णतेचे निघाले तर पहिला उपाय म्हणजे यंत्र गादीवरून उचलणे. जुने उतरते मेज माळ्यावर पडलेले असेल तर ते खाली काढावे. त्याच्या उताराने मागची बाजू वर राहते आणि तळाखाली वारा खेळतो. नसेल तर लाकडी पाट आणि मागच्या कडेखाली बोटभर जाडीच्या दोन पट्ट्या पुरतात. बाजारात मिळणाऱ्या पंखे लावलेल्या बैठकीने थोडा फरक पडतो, पण आतली वाट बंद असेल तर त्या पंख्यांचा वारा बाहेरच फिरतो. कळफलकावर घातलेले प्लास्टिकचे आवरणही काढून पाहावे; काही यंत्रे थोडी हवा तिथूनच घेतात.

दुसरा उपाय साफसफाईचा. हमी शिल्लक असेल तर यंत्र उघडण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला विचारावे. हमी संपली असेल तर जाणत्या कारागिराकडून तळ उघडून पंखा आणि जाळी साफ करून घ्यावी व मलम बदलून घ्यावे. मलम मुगाच्या दाण्याएवढेच लागते. जास्त लावल्याने गुण जास्त येत नाही. हा खर्च काही शे रुपयांचा, आणि तो नव्या यंत्राच्या चाळीस-पन्नास हजारांशी ताडून पाहावा. बाहेरूनच फुंकर मारण्याचा मोह टाळलेला बरा, कारण हवा घेण्याच्या बाजूने फुंकलेली धूळ जाळीवर आणखी घट्ट बसते. फुंकायचेच असेल तर यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, हवा बाहेर पडण्याच्या बाजूने फुंकावे आणि पंख्याची पाती काडीने अडवून धरावी. वाऱ्याच्या झोताने ती भरधाव फिरली तर पंखा बिघडतो. ओले फडके आणि घरचा व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही वर्ज्य. उबदार, अंधाऱ्या पोकळीत मुंग्या आणि बारीक किडे आश्रयाला येतात, हे आपल्या घरांत सांगायला नकोच. यंत्र थंड होऊ द्यावे, तिरके धरून हलकेच थापटावे, तासभर उघड्यावर ठेवावे. बहुतेक जीव आपणहून निघून जातात. मग साफसफाई करावी.

म्हसवडच्या व्यापाऱ्याला यात एक अडचण येते. जवळ मनाजोगा कारागीर नसला तर यंत्र दहिवडीला, फलटणला किंवा थेट साताऱ्याला पाठवावे लागते. त्या यंत्रात साऱ्या गिऱ्हाइकांची उधारी, बँकेचे तपशील आणि घरातले कागद असतात. पाठवण्याआधी सर्व हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या डिस्कवर काढून घरी ठेवावी, आणि शक्य असेल तर कारागिराच्या शेजारी बसून काम करून घ्यावे. असे काम तासा-दोन तासांचे असते. ते विवरणपत्राच्या आदल्या दिवशी काढू नये हे वेगळे सांगायला नको, तरी बहुतेक जण नेमके तेव्हाच काढतात.

तिसरा उपाय फुकटचा आहे आणि फारसा कोणाला ठाऊक नाही. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट नावाची एक नोंद असते. ती १०० वरून ९९ केली की पुष्कळ यंत्रांत प्रोसेसर ती क्षणिक उसळी घेणे सोडून देतो आणि मूळ वेगावर संथपणे चालतो. वर सांगितल्याप्रमाणे थोडा वेग सोडल्याने पुष्कळ वीज वाचते, त्यामुळे तापमान बरेच उतरते. काही नव्या यंत्रांत ही नोंद दिसत नाही. तिथे बॅटरी वाचवण्याची पद्धत निवडली तरी जवळपास तोच परिणाम मिळतो. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एरवीही फार मोठा वेग लागत नाही. खरा भार असतो तो ब्राउझरच्या वीस उघड्या पानांचा, मागे चाललेल्या अँटिव्हायरसच्या तपासणीचा आणि नेमक्या दुपारी उतरणाऱ्या अद्ययावतीकरणाचा. ही तपासणी आणि हे उतरवणे सकाळी लवकर होईल अशी वेळ लावून द्यावी.

महागडे यंत्र घेतले म्हणजे यातून सुटका होते असेही नाही. २०१८ च्या जुलैमध्ये ॲपल कंपनीने त्या वेळच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरसह मॅकबुक प्रो बाजारात आणला, आणि जड कामात तो तापून मंदावतो अशी ओरड काही दिवसांतच झाली. एका परीक्षकाने तो चक्क फ्रीझरमध्ये ठेवून चालवला, तर चित्रफितीचे तेच काम पुष्कळ लवकर पुरे झाले. कंपनीने तपास केला, उष्णतेचे नियमन करणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये चूक असल्याचे मान्य केले आणि त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. फ्रीझरचा प्रयोग मात्र घरी करू नये. थंडगार यंत्र गरम हवेत आले की माठासारखे पाझरते, आणि ते पाणी आतल्या मंडलावर जमते.

कूलरचा प्रश्न याच ओघात येतो. कोकणच्या दमट हवेत कूलर निरुपयोगी. माणदेशच्या कोरड्या हवेत तो खोलीचे तापमान दहा अंशांच्या आसपास उतरवू शकतो, आणि वरच्या हिशेबात दहा अंश म्हणजे हरवलेल्या ताकदीचा बराच मोठा वाटा. खिडकी उघडी ठेवून, यंत्र कूलरच्या झोतापासून पाच-सहा फूट दूर ठेवले की झाले. तुषार आणि त्यातले क्षार आत जाता कामा नयेत. पण ज्या वर्षी प्यायचे पाणी टँकरने येते त्या वर्षी कूलरची टाकी भरावी असे कोण म्हणेल? तेव्हा जड काम सकाळी नऊच्या आत आणि दुपारची वेळ वसुलीला, गाठीभेटींना, हे जुन्या पेढ्यांचे वेळापत्रकच लॅपटॉपलाही मानवते.

राहिली बॅटरी. तिच्याकडे दुर्लक्ष केले तर नुकसान पैशांपुरते राहात नाही. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर झिजते, त्यातही ती पूर्ण भरलेली आणि तापलेली असेल तर अधिक. पेढीवर दिवसभर चार्जर लावलेलाच असतो, म्हणून पुष्कळ यंत्रांत दिलेली ८० टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय सुरू करून ठेवावी. कळफलकाखालची स्पर्शपट्टी वर उचलली गेली, तिचे बटण दाबले जाईना, झाकण नीट मिटेना किंवा पाटावर ठेवलेले यंत्र डुगडुगू लागले, तर आतली बॅटरी फुगली आहे असे समजावे. तारीख कोणतीही असो, त्याच क्षणी चार्जर काढून यंत्र बंद करावे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा भरू नये; ती पेट घेऊ शकते, आणि कापडाच्या ठाणांमध्ये किंवा बारदानाच्या थप्पीशेजारी लागलेली आग आवरणे सोपे नसते. बॅटरी कारागिराकडून काढून घ्यावी, जुनी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. नवी बसेपर्यंत विवरणपत्र कर सल्लागाराच्या किंवा शेजारच्या पेढीच्या यंत्रावरून भरता येते. त्यासाठी लागते ती फक्त पेनड्राइव्हवर आधीच काढून ठेवलेली प्रत.